ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी : नवा बसवावा की आहे तोच उघडून दुरुस्त करावा? (इंदूर)

राजेंद्रनगरकर (प्रश्न)

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी सेदान सात वर्षांची असून ती आतापर्यंत ८६,००० किलोमीटर चालली आहे. तिचा गिअरबॉक्स सहा गिअरांचा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) पद्धतीचा ऑटोमॅटिक आहे. गेल्या महिन्यात ओंकारेश्वरहून सहकुटुंब परतताना भेरूघाटाच्या चढणीवर गाडीने दगा दिला. दुसऱ्या गिअरपर्यंत सारे सुरळीत होते. तिसरा पडण्याची वेळ आली की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर जाई, आवाज वाढे, पण गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी रेंगाळे. कडेला वीस मिनिटे थांबल्यावर ती पुन्हा चालू लागली आणि दुसऱ्या गिअरमध्येच रखडत आम्ही सिमरोल गाठले. घरी फाटकातून मागे घेताना रिव्हर्स पडायला दोन-तीन सेकंद लागले आणि मग असा धक्का बसला की मागे बसलेल्या आईने डोळे उघडले. संगणकी तपासणीत पी-०७००, पी-०७३३ आणि पी-०७३५ असे तीन कोड आले आहेत.

यावर मला तीन ठिकाणी तीन मते मिळाली. अधिकृत सेवाकेंद्राच्या म्हणण्यानुसार ते गिअरबॉक्स उघडत नाहीत, पूर्ण असेंब्लीच (म्हणजे जोडून तयार आलेला अख्खा गिअरबॉक्स) बदलतात. तिची मूळ किंमत २,६५,००० रुपये, करासह ३,३९,२०० रुपये आणि मजुरी वेगळी. देवास नाक्याजवळचा एक कारागीर उघडून दुरुस्त करण्याचे १,३०,००० ते १,५०,००० रुपये सांगतो, पण ‘साहब, पक्का आँकड़ा खोलने के बाद’ एवढ्यावर त्याचे बोलणे थांबते. तिसरा एक व्यापारी दिल्लीहून वापरलेला, त्याच्या शब्दांत ‘चालू हालतीतला’ गिअरबॉक्स आणून ८५,००० रुपयांत बसवून देण्यास तयार आहे. गाडीला आज बाजारात धडधाकट अवस्थेत साधारण साडेपाच लाख रुपये मिळतील. ती आणखी चार-पाच वर्षे वापरण्याचा माझा विचार आहे. अशा स्थितीत कोणता मार्ग शहाणपणाचा ठरेल?

पीथमपूरचा निवृत्त

माझी उमर गिअर कापण्यात आणि तपासण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी तुमचे कोड वाचू. पी-०७०० हा केवळ निरोप्या आहे. गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने काहीतरी दोष नोंदवला आहे, एवढेच तो सांगतो. पी-०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांचे प्रमाण) अपेक्षेप्रमाणे जुळत नाही आणि पी-०७३५ म्हणजे पाचव्याचे जुळत नाही. पहिला, दुसरा, चौथा आणि सहावा यांच्याविषयी कोड नाही. मात्र रिव्हर्स उशिरा आणि धक्का देऊन पडतो. आता गंमत पाहा. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या अनेक सहा-गिअरी गिअरबॉक्सांमध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स या तिघांसाठी एकच क्लच-संच काम करतो. तिघे एकाच वेळी कुरकुर करत असतील, तर दाताळ चक्रे तुटली नसून तो एक संच घसरत आहे, हा अंदाज बांधायला फार मोठे धाडस लागत नाही. म्हणजे ‘गिअरबॉक्स गेला’ हे निदान नाही, ती तक्रार आहे. त्यातला नेमका कोणता भाग गेला आणि कशामुळे गेला, हे कळण्यापूर्वी नवा की दुरुस्त हा प्रश्न विचारणेच घाईचे आहे.

त्या संचात पोलादी चकत्या आणि कागदासारख्या तंतुमय अस्तराच्या चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो, चकत्या आवळल्या जातात आणि गिअर पडतो. दाब कमी पडला की चकत्या पूर्ण आवळल्या न जाता घासत राहतात, तापतात, आणि अस्तर जळून तेलात मिसळते. दाब कमी पडण्याची कारणे अनेक असतात : पिस्टनचे रबरी सील कडक होणे, व्हॉल्व्ह बॉडीतला (तेल योग्य वाटेने वळवणाऱ्या भागातला) एखादा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) अडकणे, पंप झिजणे, तेल कमी असणे किंवा तेल इतके तापणे की त्याचा चिकटपणाच उरत नाही. तुमची गाडी थंड झाल्यावर पुन्हा चालली, हे विसरू नका. थंड तेल घट्ट असते आणि झिजलेल्या सीलमधूनही थोडा दाब टिकून राहतो.

म्हणून काही उघडण्यापूर्वी तीन गोष्टी करा. पहिली, थोडे तेल काढून पांढऱ्या कागदावर टाका. बहुतेक ऑटोमॅटिक तेल नवे असताना लाल असते. ते तपकिरी-काळे झाले असेल आणि करपल्याचा वास येत असेल तर चकत्या जळाल्या आहेत. ते गुलाबी, दुधाळ दिसले तर रेडिएटरमधले पाणी तेलात शिरले आहे, आणि मग सर्वच अस्तरांचा डिंक सुटलेला असतो. दुसरी, कारागिराला दाबमापक लावून दाब मोजायला सांगा. ज्याच्याकडे दाबमापक नाही त्याच्याकडे गिअरबॉक्सही नेऊ नका. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : गिअरबॉक्समधून तेल थंड करण्यासाठी निघणाऱ्या दोन नळ्या कुठे जातात, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बऱ्याच गाड्यांत हा तेलाचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. तुमचा रेडिएटर कधी बदलला होता का?

वापरलेल्या गिअरबॉक्सविषयी एकच वाक्य : एकाच मॉडेलमध्येही वर्षागणिक गुणोत्तरे आणि नियंत्रक बदलतात, त्यामुळे बॉक्सवर ठोकलेला कोड तुमच्या कोडशी अक्षरशः जुळल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

विजयनगर ते पुणे

वरील मताचा आदर ठेवूनही मी वेगळे मत मांडतो, कारण दुरुस्तीचा मार्ग मला चांगलाच महाग पडला आहे.

माझे आई-वडील पुण्यात असल्यामुळे मी दर दीड-दोन महिन्यांनी इंदूर-पुणे असा सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास करतो. चार वर्षांपूर्वी माझाही गिअरबॉक्स असाच घसरू लागला आणि मी तो उघडून दुरुस्त करून घेतला. पाच महिन्यांनी सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात तो पुन्हा गेला. कारागिराने भाग स्वतःच्या पैशाने बदलून दिले, हे मान्य केले पाहिजे. पण गाडी ट्रकवर चढवून परत आणणे, दोन आठवडे टॅक्सीने फिरणे आणि पुन्हा तेच होईल या धास्तीने गाडी चालवणे याचा खर्च कोणी दिला नाही. दुसऱ्यांदाही ती सात-आठ महिनेच टिकली. शेवटी नवी असेंब्ली बसवली आणि तेव्हापासून त्या गिअरबॉक्सकडे मी ढुंकूनही पाहिलेले नाही.

दुरुस्ती ही कारागिराच्या हातावर असते. कारखान्यात प्रत्येक बॉक्स चाचणीयंत्रावर फिरवून तपासलेला असतो. आपल्याकडे मात्र तो गाडीत बसवल्यावर रस्त्यावरच तपासला जातो आणि तपासनीस आपणच असतो. ज्याला गाडी गावातल्या गावात, पलासिया ते भंवरकुआ अशी फिरवायची आहे, त्याने खुशाल दुरुस्त करावा. ज्याला रात्री-अपरात्री घाट ओलांडायचे आहेत, त्याने या फरकाचे पैसे मोजावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पीथमपूरचा निवृत्त

आपला अनुभव खरा आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. एकच विचारतो : दोन्ही वेळा टॉर्क कन्व्हर्टर बदलला होता का, आणि कूलर धुतला होता का?

विजयनगर ते पुणे

कन्व्हर्टर ‘ठीक आहे’ असे सांगून जुनाच बसवला होता. कूलरचा विषय तेव्हा कोणी काढला नाही. नव्या असेंब्लीसोबत मात्र कन्व्हर्टर नवा आला होता आणि सेवाकेंद्राने रेडिएटरही बदलायला लावला होता.

पीथमपूरचा निवृत्त

मग आपल्या नव्या गिअरबॉक्सच्या यशातला निम्मा वाटा त्या दोन वस्तूंना द्या. जळालेल्या अस्तराची भुकटी कन्व्हर्टरच्या पोटात आणि कूलरच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसते. कन्व्हर्टर बंद डबा असल्यामुळे तो कापून, धुऊन, पुन्हा वेल्ड करून तोल साधावा लागतो किंवा सरळ बदलावा लागतो. बाहेरून पुसून तो स्वच्छ होत नाही. तो तसाच बसवला की पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ती भुकटी नव्या व्हॉल्व्ह बॉडीत उतरते. हे काम टाळणाऱ्याने दुरुस्ती केली नाही, नुसत्या चकत्या बदलल्या.

राजेंद्रनगरकर

सर्वांचे आभार. आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी गाडी रॅम्पवर चढवून मी खाली शिरलो, आणि जे दिसले ते लिहिताना थोडी लाजच वाटते.

तेल कागदावर कडक चहासारखे दिसले आणि त्याला दूध भांड्याला लागल्यावर येतो तसा वास होता. दुधाळपणा नव्हता. नंतर त्या दोन नळ्यांचा माग काढला. त्या रेडिएटरपर्यंत पोहोचतच नव्हत्या! बंपरच्या मागे वीतभर रबरी पाइपचा तुकडा घालून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या होत्या आणि वर दोन क्लिपा आवळल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी पुढून किरकोळ धडक बसली होती, तेव्हा एका ओळखीच्या गॅरेजमध्ये रेडिएटर बदलून घेतला होता. तिथे स्वस्तातला, मॅन्युअल गाडीचा रेडिएटर बसवला गेला. त्यात तेलाचा कूलरच नाही. नळ्यांचे करायचे काय, या प्रश्नाला त्यांनी हे उत्तर शोधून काढले. म्हणजे दोन वर्षे माझा गिअरबॉक्स तेच तापलेले तेल स्वतःलाच पाजत होता. मागच्या मे महिन्यात मानपूरच्या पुढे घाटात गिअरबॉक्स तापल्याचा इशारा एकदा पडद्यावर आला होता. दहा मिनिटांत तो गेला, म्हणून मीही तो विसरून गेलो.

आता माझ्या लक्षात येते की ३,३९,२०० रुपयांची नवी असेंब्ली बसवली असती आणि हा तुकडा कोणी पाहिला नसता, तर तिचीही हीच गत झाली असती. सेवाकेंद्राच्या अंदाजपत्रकात रेडिएटरचा उल्लेख नाही. देवास नाक्याच्या कारागिरानेही तोवर खाली वाकून पाहिले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

रामबागच्या वकीलबाई

यांत्रिक बाबींत मला गती नाही, पण कागदांविषयी काही गोष्टी सांगते.

आपण दिलेले आकडे मी पडताळून पाहिले. २,६५,००० वर ३,३९,२०० होतात, म्हणजे ७४,२०० रुपये कर धरला आहे आणि तो २८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्या दराने कर ४७,७०० आणि एकूण ३,१२,७०० रुपये होतात. अंदाजपत्रक जुन्या दरपत्रकावरून काढलेले दिसते. निर्णय कोणताही घ्या, पण तुलना करताना हे साडेसव्वीस हजार रुपये वजा धरा.

विम्याची आशा ठेवू नका. साधी वाहन पॉलिसी यांत्रिक बिघाड आणि झीज यांना लागू होत नाही. खालून दगड लागून गिअरबॉक्सचे कवच फुटले असते तर गोष्ट वेगळी होती. इंजिन आणि गिअरबॉक्ससाठीचे वाढीव संरक्षण घेतले असेल तर त्याच्या अटी वाचून पाहा, पण दोन वर्षे कूलरविना चालवलेली गाडी त्यात बसवणे अवघड आहे.

कारागिराकडे गाडी सोडताना ‘उघडण्याचे आणि तपासणीचे शुल्क’ वेगळे ठरवून लिहून घ्या. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, दुरुस्तीसाठी दिलेल्या वस्तूवर कौशल्य व श्रम खर्च करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. गिअरबॉक्सचे तुकडे टेबलावर आणि गाडी रॅम्पवर असताना घासाघीस करण्याची वेळ आली, तर आपली बाजू लंगडी असते. बदललेले सर्व भाग परत मिळतील, हे आधीच ठरवा. वॉरंटी महिने आणि किलोमीटर दोन्हींत लिहिलेली असावी. ती केवळ भागांची आहे की मजुरीचीही, आणि गाडी इंदूरबाहेर बंद पडल्यास ओढून आणण्याचा खर्च कोणाचा, हे दोन मुद्दे लोक हमखास विसरतात. श्री. विजयनगर यांचे दुखणे नेमके तेच होते.

पक्के बिल घेण्याचा कंटाळा करू नका. बिल आणि जुने भाग हाताशी असतील तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्कही लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. काही प्रकरणे तिथेच मिटतात. ज्या गॅरेजने नळ्या जोडल्या त्यांचेही दोन वर्षांपूर्वीचे बिल शोधा आणि त्यावरची तारीख आजच पाहा, कारण मुदत फार उरलेली नसेल.

राजेंद्रनगरकर

बिल नाही. ओळखीचे गॅरेज होते ना!

सुदामानगर, सीव्हीटी

एक छोटी पुस्ती जोडतो, कारण हा धागा वाचून कोणी सीव्हीटीवाला (सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, गुणोत्तर सलग बदलणारा ऑटोमॅटिक) सरसकट दुरुस्तीकडे वळू नये. सीव्हीटीमध्ये चकत्यांच्या संचांवर गिअर ठरत नाहीत; दोन शंक्वाकृती पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा मुख्य काम करतात. पट्टा घसरून पुलीच्या पृष्ठभागावर एकदा ओरखडे पडले की ती घासून गुळगुळीत करणे हा उपाय नव्हे, आणि सुट्या पुल्या मिळवणेही सोपे नसते. माझ्या गाडीचे तेल काढल्यावर गिअरबॉक्सच्या तळातल्या चुंबकावर केसांसारखे पोलादी कण निघाले तेव्हा मी पूर्ण बॉक्सच बदलला आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. उलट साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला नवा बॉक्स बहुधा लागतच नाही. सिंक्रोनायझर रिंगा, बेअरिंगे आणि सील बदलले की तो पुन्हा चालू लागतो.

पीथमपूरचा निवृत्त

सीव्हीटीविषयीचे मत बरोबर आहे.

राजेंद्रनगरकर, आता कारण सापडले आहे आणि ते बॉक्सच्या बाहेरचे आहे, त्यामुळे माझा कौल दुरुस्तीकडे झुकतो. मात्र दोन वर्षांच्या उष्णतेने बॉक्समधले प्रत्येक सील कडक झाले असणार, म्हणून एकच संच बदलून भागवू देऊ नका. सर्व सील, सर्व अस्तरी चकत्या, फिल्टर, कन्व्हर्टर आणि ऑटोमॅटिकसाठीचाच मूळ रेडिएटर, हे एका यादीत लिहून घ्या. उघडल्यावर ग्रहचक्रांचे (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दाताळ चक्रांचे) दात किंवा पंपाची भिंत खरवडलेली निघाली, तर मात्र हिशेब बदलतो. तेव्हा तिथेच थांबून नव्या असेंब्लीचा विचार करा. बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत बसला आहे याची खात्री झाल्याशिवाय बोल्ट आवळले, तर पंप पहिल्याच दिवशी फुटतो. तेलाची पातळी नेमून दिलेल्या तापमानालाच तपासायची असते, अंदाजाने नव्हे. आणि शेवटी नियंत्रकाला नव्या चकत्यांची ओळख करून देण्याची प्रक्रिया संगणकावरून करावी लागते, नाहीतर तो जुन्या झिजेच्याच हिशेबाने दाब देत राहतो.

राजेंद्रनगरकर

सात आठवड्यांनंतर लिहीत आहे.

दुरुस्तीच केली. देवास नाक्याच्या कारागिराने दाब मोजून दाखवला, उघडण्याचे ६,००० रुपये वेगळे लिहून दिले आणि टेबलावर बॉक्स उघडताना मला शेजारी उभे राहू दिले. तिसऱ्या-पाचव्या-रिव्हर्सचा संच निघाला तेव्हा अस्तरी चकत्या पोलादी चकत्यांइतक्याच काळ्या झाल्या होत्या. नखाने खरवडल्यावर अस्तर पोह्यांच्या कोंड्यासारखे गळून पडले. पिस्टनचे सील रबराचे न राहता बांगडीसारखे टणक झाले होते. दात आणि पंप मात्र स्वच्छ होते. नवे सील बसवल्यावर त्याने तेलाच्या छिद्रातून दाबाची हवा सोडली आणि पिस्टन ‘ठप्’ असा एकच भरीव आवाज करून बसला. मग मुद्दाम जुना पिस्टन लावून दाखवला, तर नुसतीच हवा सुस्कारत निघून गेली. मला त्या दोन आवाजांत सारे प्रकरण समजले.

रेडिएटर आणि कन्व्हर्टर धरून एकूण १,७८,४०० रुपये झाले, म्हणजे सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरेच अधिक. एक वर्ष किंवा १५,००० किलोमीटरची, मजुरीसह लेखी वॉरंटी आहे. ओढून आणण्याचा खर्च दोनशे किलोमीटरच्या आत त्यांचा. पाचशे किलोमीटरनंतर पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची थाळी) उघडला तेव्हा चुंबकावर काजळाच्या बोटाएवढा राखी लेप होता, एवढा चालतो असे तो म्हणाला. आता १,४०० किलोमीटर झाले आहेत. परवा मुद्दाम भेरूघाट चढून आलो. तिसरा गिअर कधी पडला ते कळले नाही आणि चढण संपताना तेलाचे तापमान ९४ अंश होते.

जळक्या चकत्या गोणपाटात बांधून गॅलरीत ठेवल्या आहेत. वकीलबाईंच्या सल्ल्याप्रमाणे वॉरंटी संपेपर्यंत त्या तिथेच राहतील, जरी घरातून त्यांच्याविषयी रोज सकाळी विचारणा होत असली तरी.